खोऱ्यातले अकरा लाल ठिपके

सोमवार, ४ फेब्रुवारी

सापडला!

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. येऊ दे.

पहिल्या फेरीचे आकडे आज आले. दीड वर्ष देशभर माणसं पाठवून रक्त गोळा केलं — सहाशे गट, प्रत्येक गट म्हणजे एखादं गाव नाहीतर शहरातला एखादा भाग. हिपॅटायटिस बी कुठे किती मुरलाय ते बघायचं. माझं काम शेवटचं, रंग भरायचं. शंभरात किती जणांच्या रक्तात विषाणू ठाण मांडून बसलाय, त्यावरून नकाशावर फिका पिवळा, पिवळा, नारिंगी, लाल. गावाचं नाव नसतं, फक्त गटाचा क्रमांक. देशाची सरासरी शंभरात तीन. लहान मुलं जवळजवळ स्वच्छ, जन्मल्या जन्मल्या लस मिळते ना आता. चाळिशीतले जास्त. पुरुष बायकांपेक्षा थोडे जास्त. सगळं पुस्तकात असतं तसं, जांभया देत रंगवत होते.

आणि मग दोन गट. तेरा. पंधरा!

क्रमांकावरून जागा काढली. आमचं खोरं. नदीच्या वळणावरचं गाव आणि पुलाचं गाव. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत पाहिलं. तेच.

ढब्बू, ऐकतोयस का रे? बोलले होते ना, त्याला सोडणार नाही म्हणून.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना दाखवलं. बाई म्हणजे आमच्या आकडेवारी विभागाच्या प्रमुख. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही कधी. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, दोन गटांवर काही ठरत नाही, दुसऱ्या फेरीत खोऱ्यातली सगळीच्या सगळी सव्वीस गावं घेऊ.

मला तेच हवं होतं. तोंड अगदी कोरं ठेवून ‘बरं’ म्हटलं. बाईंना माहीत नाही की ते माझं खोरं आहे. माझा भाऊ कशाने गेला तेही माहीत नाही. रजेच्या अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं मी.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज ढब्बूला जाऊन दहा महिने झाले.

बेचाळीस वर्षांचा होता. लहानपणी गोल गोल म्हणून ढब्बू, आणि शेवटी काठीसारखे हातपाय आणि पोट तेवढं टम्म. यकृताचा कर्करोग. कधी दारूच्या थेंबाला शिवला नाही. डोळे हळदीसारखे झालेले, तरी मला विचारतो, पिवळा रंग शोभतो का गं ताई मला? मी हसले होते. अजून राग येतो मला त्या हसण्याचा.

यकृताचे डॉक्टर म्हणाले होते, विषाणू फार जुना आहे, लहानपणीच शिरलेला. मोठेपणी लागण झाली तर शरीर बहुतेक वेळा हुसकावून लावतं. चार-पाच वर्षांच्या पोराच्या अंगात शिरला की बऱ्याचदा घर करून राहतो, चाळीस वर्षं गप्प, आणि मग असा उठतो. त्यांनी विचारलं, तुमच्या लहानपणी तिथे इंजेक्शनं देणारं कुणी होतं का?

होतं की! नाक्यावरचा डॉक्टर. ताप आला, सुई. खोकला, सुई. अंग दुखतंय, दोन सुया. स्टीलच्या ट्रेमध्ये काचेची सिरिंज आणि स्पिरिटचा बोळा. सकाळी एकदा उकळायची ती उकळायची, मग दिवसभर बोळ्याने पुसून पुढच्याला. दाराच्या फटीतून पाहिलंय मी हे. सुईला इतकी घाबरायचे की त्या दाराच्या आत कधी गेलेच नाही. म्हणून मी वाचले. सर्वेक्षणाच्या आधी आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं, माझं अगदी स्वच्छ निघालं.

आणि तो अजून आहे! ऐंशी वर्षांचा, टुणटुणीत. लोक पाया पडतात.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आमंत्रण आलं घरी. जाड गुळगुळीत कागद. डॉक्टरसाहेबांच्या सेवेची पन्नास वर्षं! १० मार्चला सकाळी अकरा वाजता सत्कार. प्रमुख पाहुणे वैद्यकीय परिषदेचे अध्यक्ष. बाबांचं नाव पहिल्या रांगेतल्या मान्यवरांत.

बाबा खूश. आमचे बाबा म्हणजे सुईमास्तर. अजूनही जुने लोक त्यांना ह्याच नावाने हाक मारतात. आरोग्य खात्यात लस टोचायचं काम केलं जन्मभर. डॉक्टर त्यांचा जुना स्नेही. कोट कपाटातून काढून खिडकीत वारा लागायला टांगलाय आत्तापासून!

वैद्यकीय परिषदेचे अध्यक्ष. वा! आयतेच समोर.

माझं ठरलं. नकाशा आणि पत्र, एका पाकिटात. सगळ्यांसमोर उठून अध्यक्षांच्या हातात देणार. हार गळ्यात असतानाच देणार.

रविवार, १७ फेब्रुवारी

ढब्बूची बायको आणि भाची आल्या होत्या. भाचीचं रक्त स्वच्छ आहे, जन्मतःच लस टोचलेली. तिच्या आईचंही. ढब्बूने तेवढं तरी नीट केलं.

बाबा नातीला गोष्ट सांगत होते. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय, तरी कान गेला. टोचणीची मोठी मोहीम होती तेव्हा. गावोगावी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडायचं आणि माणसं लांबूनच बघत उभी राहायची. पोरं दडवून ठेवायची. मग बाबांनी युक्ती काढली — ढब्बूला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे. तो चार वर्षांचा. सगळ्यांत आधी तो टेबलावर चढायचा, बाही वर करायचा, आणि बाबा त्याला नुसत्या शुद्ध पाण्याची सुई टोचायचे. ढब्बू हसायचा! लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग रांग लागायची. दोन-तीन दिवस एका गावात की पुढचं गाव, पुन्हा ढब्बू टेबलावर. बाबा म्हणाले, “तुझा बाप माझा पहिला मदतनीस. माझ्या दौऱ्यातल्या एकाही गावात रडला नाही तो.”

आधी मला नेलं होतं म्हणे एकदा. मी भोकाड पसरलं आणि अख्खं गाव पळालं. मग मला घरीच ठेवायला लागले.

भाची आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. तिची आई स्वयंपाकघरात गेली, भांडी घासत उभी राहिली. घासलेलीच भांडी होती ती.

बुधवार, २० फेब्रुवारी

नव्या मुलांना रक्त काढायचं प्रशिक्षण. मोठ्या बाईंनी स्वतः घेतलं. एकच गोष्ट तीनदा सांगितली: सुई बदलली म्हणजे भागलं असं समजू नका, सुई काढताना रक्ताचा बारीकसा अंश सिरिंजमध्ये मागे ओढला जातो, डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून सुई आणि सिरिंज दोन्ही फेकायचं. एकाने विचारलं, पूर्वी काय करायचे? बाई म्हणाल्या, पूर्वी माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं! छान पळवाट आहे. त्या ट्रेमध्ये तर सुईसुद्धा तीच असायची.

सोमवार, २५ फेब्रुवारी

बाबांशी थोडी वादावादी.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचा मित्र सुया उकळायचा का हो नीट? बाबांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, त्याच्या दवाखान्यात गर्दीच इतकी असायची, करणार काय बिचारा. मला बिचारा हा शब्द असा झोंबला! म्हटलं, आणि तुम्ही? तुमच्याकडे नव्हती गर्दी?

बाबा ताठ झाले. ऐकण्यासारखं बोलले, तसंच लिहून ठेवते. “माझ्याकडे तासाला चाळीस पोरं असायची. पण प्रत्येक पोराला वेगळी उकळलेली सुई. सिरिंज ढब्बू धरून वीस जणांत एक, तेवढीच मिळायची, तसा नियमच होता. सुई मात्र एकदाही दुसऱ्याला लावली नाही मी.”

म्हणूनच तर आम्हा दोघांना त्यांनी डॉक्टरकडे पाठवायचं टाळलं असणार. पण आई न्यायची ढब्बूला गुपचूप, नक्की नेत असणार. ढब्बूला सारखा ताप यायचा.

एकीकडे हा माणूस, सुईसाठी जीव टाकणारा, आणि दुसरीकडे तो बोळेवाला. आणि सत्कार कुणाचा? बोळेवाल्याचा! बाबांचा कुणी साधा नारळ देऊनही केला नाही.

शुक्रवार, १ मार्च

दुसऱ्या फेरीचे आकडे. खोऱ्यातली सव्वीसच्या सव्वीस गावं.

अकरा लाल. पंधरा फिकी.

लाल म्हणजे कशी लाल! अडतीस ते पंचेचाळीस वयाच्या माणसांत शंभरात बावीस. बावीस! देशात कुठेच असं नाही. आजूबाजूची पंधरा मात्र सरासरीइतकीच.

मोठ्या बाईंनी प्रश्न काढलेच. त्यांचा स्वभावच तो. पहिला — नाक्याचं गाव, जिथे डॉक्टरचा दवाखाना आहे, ते फिकं कसं? मी म्हटलं, तिथे दुसरे दोन डॉक्टर होते, लोक वाटले गेले. (हे मी कसं सांगितलं कुणास ठाऊक. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. तेव्हा सांगून टाकलं, माझं खोरं आहे म्हणून.) दुसरा — डोंगरापलीकडची दोन गावं लाल कशी? तिथून कोण येणार नाक्यावर? म्हटलं, बाजाराच्या दिवशी येत असतील. तिसरा — हा डॉक्टर पन्नास वर्षं सुया टोचतोय, मग एकाच वयाचा पट्टा का पेटलाय? त्याच्या आधीचे, नंतरचे का नाहीत? मी म्हटलं, नंतर प्लास्टिकच्या वापरून फेकायच्या सिरिंज आल्या.

“आणि आधीचे?” बाई.

आधीचे मेले असतील! असं तोंडावर आलं होतं. कागद गोळा करायला लागले.

बाई म्हणाल्या, तुझं उत्तर आधी तयार आहे आणि आकडे तू त्याच्यात बसवतेयस. घरी जा, डोकं थंड कर. मी घरी आले. डोकं काही थंड झालं नाही. बाईंचा भाऊ नव्हता तो.

रविवार, ३ मार्च

पत्र लिहायला घेतलं. चार वेळा फाडलं. फार शिव्या येत होत्या.

पाचव्यांदा जमलं. थंड, सरळ, आकड्यांसकट. माणसाला उभं चिरायचं तर आवाज चढवायचा नसतो, हे कार्यालयात शिकले मी.

बुधवार, ६ मार्च

गेले होते. त्याच्या दवाखान्यात.

खरं तर जायची गरज नव्हती. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता. सत्काराच्या आधी चार दिवस त्याची झोप उडावी असं वाटत होतं, उगाच खोटं कशाला लिहू.

बाकावर नंबर लावून बसले. समोर तेच दार. फट अजून तशीच. तेच जुनं भय, पंचेचाळिसाव्या वर्षी! आत गेले तर हा एवढासा म्हातारा. हात कापत होते. ओळखलं लगेच, सुईमास्तरांची थोरली ना तू, बैस. ढब्बूचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. म्हटलं, वाईट वाटायलाच हवं तुम्हाला.

सगळं बोलले. ट्रे, बोळा, एक सुई. यकृत, पोट, पिवळे डोळे. काही शिल्लक ठेवलं नाही. संपल्यावर तो म्हणाला, “माझ्या हातून पाप झालंच नाही असं मी म्हणत नाही. पण तुझ्या भावाला मी कधी सुई लावली नाही. तुझे वडील लावूच द्यायचे नाहीत.”

म्हटलं, आई आणायची. तो म्हणाला, आणायची, पण गोळ्या-औषधं घेऊन जायची, नवऱ्याची सक्त ताकीद होती तिला.

तळपायाची आग मस्तकात गेली. आई काही साक्षीला येऊ शकत नाही म्हणून वाटेल ते! पिशवीतून नकाशा काढला आणि टेबलावर आपटला. हे बघा तुमचं काम.

डॉक्टरने चष्मा पुसला. पहिल्यांदा भराभर बघितलं, मग सावकाश. बोट अकराही ठिपक्यांवर नेलं. डोंगरापलीकडच्या दोघांवर थांबलं. बोट कापत होतं ते एकदम कापायचं थांबलं, हे मी नीट पाहिलं. मग नकाशाची व्यवस्थित घडी घालून त्याने माझ्या हातात दिली. विचारलं, हा घरी दाखवलास? मी नाही म्हटलं. म्हणाला, “नको दाखवूस. आणि तुला माझं नाव लिहायचं असेल तर खुशाल लिही. माझं वय झालंय, मला चालेल.”

हे कबूल करणंच झालं की नाही? झालंच!

बाहेर पडताना मागून म्हणाला, आपलं हे बोलणं बाबांना सांगू नकोस. घाबरला! मित्राच्या नजरेतून उतरायची भीती. रस्त्यावर येऊन मी मोठ्याने हसले. एक बाई वळून बघायला लागली.

शनिवार, ९ मार्च

पत्र पूर्ण. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं — ‘सदर डॉक्टरांनी माझ्यासमोर ही जबाबदारी स्वीकारली आहे.’ खाली सही. नकाशाची मोठी रंगीत प्रत काढली, लाल रंग जरा जास्तच गडद ठेवला. पाकीट चिकटवायचं तेवढं राहिलंय, नकाशा घडी करून सकाळी घालीन. आत्ता टेबलावर पसरून ठेवलाय, घडीचे डाग पडू नयेत म्हणून.

ढब्बूच्या बायकोला फोन केला. सांगितलं, उद्या बघ. तिने विचारलं, त्याने काय होईल ताई? म्हटलं, त्याची पन्नास वर्षं एका मिनिटात जातील. ती म्हणाली, यांची बेचाळीस गेलीच आहेत. आणि फोन ठेवला.

ठेवू दे. तिला नंतर कळेल. मला आज अकरा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. दोनदा वाढून घेतलं, बाबा बघतच राहिले.

उद्या अकरा वाजता. हार गळ्यात पडू दे आधी.

रविवार, १० मार्च

अंघोळ करून आले तर बाबा कोट घालून टेबलापाशी उभे. हातात भिंग. पसरलेल्या नकाशावर वाकलेले. मला बघून चेहरा असा फुलला!

“अगं, हा तर माझा दौरा!”

बोटाने ठिपक्यावरून ठिपक्यावर नेत गेले, एकही न चुकता. हे वळणावरचं, इथून सुरुवात. मग पूल. मग विहिरीजवळची शाळा, इथे टाळ्या सगळ्यांत जास्त. हे डोंगरापलीकडचे दोन शेवटचे, सायकल खांद्यावर घेऊन गेलो होतो, ढब्बू चालला सगळा घाट. अकराच्या अकरा! नावं नसली म्हणून काय झालं, मी झोपेत ओळखेन म्हणाले. खात्याने इतक्या वर्षांनी दखल घेतली तर. आणि हे लाल कशासाठी गं?

म्हटलं, जिथे तुमचं काम पोचलं ते, बाबा.

सव्वाबारा वाजले. आम्ही कुठेच गेलो नाही. माझं डोकं दुखतंय असं सांगितलं. पत्राचे तुकडे माझ्या पर्समध्ये आहेत. बाबांनी कोट अजून काढलेला नाही. नकाशा भिंतीला लावायला खिळा शोधतायत. म्हणाले, आज ढब्बूला दाखवायला हवा होता.